क्रोशाची सुई म्हणजे हत्यार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चिंता आणि मनाची अस्वस्थता या विषयावर पानभर मजकूर आला होता. मजकूर चांगला होता, भाषाही घाबरवणारी नव्हती. दीर्घ श्वसन, ध्यान, मोबाइलवरचं अ‍ॅप, सकाळचं चालणं असे उपाय सांगितले होते. मग तळाशी एक चौकट, ‘गृहिणींसाठी’. तिच्यात विणकाम, भरतकाम, आणि खिडकीशी बसलेल्या एका बाईचं चित्र. मी लिहितो आहे ते त्या चौकटीबद्दल. मी गृहिणी नाही. बेस्टच्या बसवर वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेला, काळाचौकीला राहणारा पुरुष आहे आणि माझ्या पिशवीत चार एमएमची क्रोशाची सुई, लोकरीचा गुंडा आणि अर्धवट झालेला एक चौकोन कायम असतो.

आमच्या सौ.ची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर खेपेला साधारण चार तास. तिला आत घेतलं की दार बंद होतं आणि आम्ही बाहेरच्या बाकड्यावर. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. आत मशीनची घंटी वाजली की बाहेर बसलेल्या सगळ्यांच्या माना एकदम वर होतात. बहुतेक वेळा ती घंटी साधीच असते, नळी दुमडलेली असते किंवा पेशंटनं हात हलवलेला असतो. पण मधेच कधी कुणाचं बीपी खाली जातं, सिस्टर दार उघडून नाव पुकारते, ‘यांच्याबरोबर कोण आहे?’ ते नाव आपलं निघेपर्यंत पोटात गोळा.

हे सुरू झाल्यावर काही महिन्यांतच मला छातीत धडधड, तळहाताला घाम, रात्री दोनला जाग, असं होऊ लागलं. ईसीजी काढला, हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, काका, काळजी कमी करा. कशी, ते त्यांच्याकडेही लिहून द्यायला नव्हतं. बाकड्यावर बसलो की हात आपोआप मोबाइलकडे जायचा. क्रिएटिनिन किती म्हणजे वाईट, पोटॅशियम वाढलं तर काय होतं, हेच वाचत बसायचो. जितकं वाचावं तितकी धडधड वाढायची. आपल्या लेखातला श्वासाचा उपायही मी केला आहे. एरवी श्वास आपला चालू असतो. मी त्याच्याकडे बघायला लागलो की तो अपुरा पडतोय असंच वाटायचं, मग दमच लागायचा. दुसऱ्या कुणाला श्वासानं बरं वाटत असेल, नाही म्हणत नाही.

क्रोशा शिकवला तो घाटकोपरहून येणाऱ्या एका ताईंनी. त्यांच्या वडिलांचं डायलिसिस आमच्याच पाळीत होतं. त्या विणत बसायच्या आणि त्यांचा चेहरा आमच्यासारखा दाराकडे लागलेला नसायचा. मी बघतोय हे पाहून एके दिवशी म्हणाल्या, ‘काका, धरून तर बघा. उसवता येतं सगळं.’ माझ्या आईच्या हातात क्रोशा पाहिलेला होता. बहिणीच्या रुखवतात मांडलेले रुमाल तिचेच. पण आम्हा मुलांना कुणी सुई दिली नव्हती. शाळेत टकळीवर सूत मात्र मुलांनीही कातलेलं चालायचं. घरी आल्यावर ते बायकांचं काम का व्हायचं, देव जाणे.

आता काम काय असतं ते जरा नीट सांगतो, कारण ‘मन रमतं’ एवढं म्हणून भागत नाही. धागा डाव्या करंगळीला एक वेढा देऊन तर्जनीवरून घ्यायचा. पहिल्यांदा चार साखळ्या घालून त्या जोडून गोल करायचा. तीन साखळ्या वर चढायचं, तो पहिला खांब. मग खांब घालायचे. सुईवर धाग्याचा वेढा घ्या, सुई गोलात घाला, धागा ओढून आणा, सुईवर तीन फासे दिसतील. पुन्हा वेढा घेऊन दोनांतून काढा, पुन्हा वेढा घेऊन उरलेल्या दोनांतून काढा, झाला एक खांब. असे तीन झाले की दोन साखळ्या, तो कोपरा. चार वेळा केलं की पहिली फेरी पुरी, बारा खांब. दुसऱ्या फेरीत प्रत्येक कोपऱ्यात तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब, म्हणजे चोवीस. तिसरीत कोपरे तसेच आणि मधल्या प्रत्येक फटीत तीन, म्हणजे छत्तीस. पुढची अठ्ठेचाळीस. बाराचा पाढाच आहे हा. जन्मभर वेबिलाचा, म्हणजे विकलेल्या तिकिटांचा हिशेब जुळवत आलेल्या माणसाला याहून जवळचं काय असणार? फेरी संपली की मोजायची, जुळली की पुढे.

आणि खरी गंमत न जुळण्यात आहे. मन आत वॉर्डात गेलं, उद्याच्या रिपोर्टात गेलं, पोराच्या हप्त्यात गेलं, की तेवीस भरतात. कुठे गेलो होतो ते त्या फटीवर बोट ठेवून दाखवता येतं: इथे, या कोपऱ्यापाशी, मघा घंटी वाजली तेव्हा. ध्यानाला बसल्यावर मन भटकून आलं की नाही याचा मला तरी पत्ता लागायचा नाही. इथे लगेच कळतं, कुणी रागावत नाही, धागा ओढायचा, चार-सहा खांब उसवायचे आणि पुन्हा घालायचे. लोकर वाया जात नाही. धडधड जाते का? जात नाही. ती बाजूला चालू असते आणि मी एकतिसाव्या खांबावर असतो.

दुसरं म्हणजे हात. बसवर असताना एका हातात तिकिटाची पेटी आणि दुसऱ्यात पंच. गिऱ्हाईक नसलं तरी पंच टिकटिकवत राहायची आम्हा लोकांना सवय. पुढे तिकिटाची मशिनं आली, मग निवृत्ती आली आणि हात रिकामे झाले. रिकामा हात मोबाइलकडे जातो हे मी वर लिहिलंच. एका हातात सुई नि दुसऱ्यात धागा असला की मोबाइल धरायला हात शिल्लक राहत नाही. माझं निम्मं बरं होणं यातच आहे असं मला वाटतं.

मनातला ताण धाग्यात उतरतो हेही पाहिलं. रिपोर्ट यायचा असेल त्या दिवशी फास आवळले जातात, सुई टाक्यात शिरत नाही आणि तीच लोकर, तीच सुई असूनही चौकोन बोटभर लहान भरतो. माझ्याकडच्या ढिगातून कोणता चौकोन कोणत्या दिवसाचा हे सौ. ओळखते. ‘हा माझ्या पोटॅशियमचा,’ म्हणते. लहान चौकोनांना भोवतीनं मुक्या खांबाची, म्हणजे आखूड टाक्याची, एक जादा फेरी घातली की ते इतरांबरोबर जोडता येतात.

मुंबईत लोकरीचं करायचं काय, हा प्रश्न मला नाक्यावर सगळ्यांनी विचारला. डायलिसिस चालू असताना पेशंटला थंडी वाजते, बऱ्याच जणांना तर मे महिन्यातही. रक्त नळ्यांतून बाहेर फिरून येतं, वर एसी. चौकोन जोडून पायांवर घालण्यापुरती छोटी शाल होते. छोटीच हवी. ज्या हाताला सुया लावलेल्या असतात तो हात कधी झाकायचा नसतो, सुई निसटून रक्त वाहू लागलं तर ते दिसलं पाहिजे. हे सिस्टरनंच आम्हाला समजावलं. म्हणून मापही तसंच, कमरेपासून पावलांपर्यंत. सौ.ची एक झाली, मग शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची. ते म्हणाले, निळा रंग नको, मशीन निळं आहे.

आता सर्वांत मुख्य मुद्द्यावर येतो. मध्यंतरी आमच्या रुग्णालयात (नाव मुद्दाम लिहीत नाही, भांडण त्या एका दारवानाशी नाही) सुरक्षेचे नवे नियम आले. दारावर पिशवी तपासताना दारवानानं सुई काढली. ‘काका, टोकदार वस्तू आत नाही.’ मी म्हटलं, बाबा, टोक कुठे आहे? सुईचं तोंड गोल असतं, त्याला फक्त धागा अडकायला खाच असते. तो म्हणाला, यादीत ‘सुई’ लिहिलंय. बिचाऱ्याला दोष देत नाही, त्याची नोकरी आहे. पण माझ्यामागून आत गेलेल्या गृहस्थांच्या हातात लांब दांड्याची छत्री होती, आणि तिच्या टोकानं भिंतीचं प्लास्टर उकरता आलं असतं. पावसाळा असल्यामुळे छत्रीला माफी. घाटकोपरच्या ताईंच्याही सुया काढून घेतल्या. त्या दिवशी बाकड्यावरच्या सगळ्या माना खाली, मोबाइलमध्ये. दारावर एक टोपली ठेवून तिच्यात त्या वस्तू जमा करून घेत होते आणि जाताना परत देत होते हे खरं. पण जाताना सुई घेऊन मी काय करू? मला ती आतल्या चार तासांसाठी हवी होती.

परळ-लालबाग-शिवडी या पट्ट्यात टाटा, केईएम, वाडिया अशी मोठमोठी रुग्णालयं आहेत. देशभरातून पेशंट येतात, आणि प्रत्येक पेशंटमागे बाहेर एक-दोन माणसं बसलेली असतात. फुटपाथवर, जिन्यात, कॅन्टीनच्या पायरीवर. पेशंटकडे बघायला डॉक्टर आहेत. या बसलेल्या माणसांकडे कोण बघतं? त्यांच्यासाठी फार मोठं काही मागत नाही. प्रतीक्षागृहापुरती क्रोशाची सुई आणि बोथट टोकाच्या विणायच्या सुया चालतील, वॉर्डात आणि आयसीयूत नाही, असं एक वाक्य त्या यादीत घातलं तरी पुरे. कात्री ठेवू नका, धागा नेलकटरनं तुटतो. जमलं तर बाकड्यावरच्या ट्यूबलाइट बदला. संध्याकाळच्या पाळीला खांब मोजताना डोळ्यांची वाट लागते.

हे काही विलायती खूळ नाही, हे रुग्णालयाच्या व्यवस्थापकांसाठी मुद्दाम लिहितो. हाताला काम देऊन माणसाला बरं करायचं शास्त्र म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी, आणि तिचं आपल्या देशातलं पहिलं विद्यालय 1950 साली कमला निंबकर यांनी इथेच, परळच्या केईएममध्ये सुरू केलं. आमच्या शेजारची मुलगी हाच अभ्यासक्रम शिकते, तिच्याकडून मला कळलं. तिनंच आणखी एक दाखवलं. 2013 साली ब्रिटनमधल्या ऑक्युपेशनल थेरपीच्या नियतकालिकात एक पाहणी छापून आली आहे. 31 देशांतल्या साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांना प्रश्न विचारले होते, आणि जे जास्त वेळा विणतात त्यांनी जास्त शांत वाटतं असं सांगितलं. मी तिला म्हटलं, अगं, विचारलं कुणाला, तर विणणाऱ्यांनाच. ज्यांनी चार दिवस विणून सुई फेकून दिली ते कशाला उत्तरं देत बसतील? हसली. म्हणाली, काका, हेच आमचे सर विचारतात. तेव्हा या पाहणीवरून विणल्यानं चिंता बरी होते असं कुणी सिद्ध झाल्यासारखं सांगू नये. पुष्कळांना बरं वाटतं एवढं खरं, आणि सुईची परवानगी मागायला तेवढं पुष्कळ झालं.

धाग्याचं कौतुक करताना एक भान मला आहे, कारण मी गिरणगावातला. माझे वडील साचेवाले, म्हणजे कापड गिरणीत मागावर काम करणारे. तुटलेल्या सुताला ते अशी गाठ मारायचे की बोट फिरवलं तरी लागू नये. पण साचाखात्यात त्यांना शांतता कधी लाभली नाही. मागावरच्या धोट्यांच्या खडखडाटानं त्यांना पुढे ऐकू कमी यायचं, घरी सगळे मोठ्यानं बोलायचो. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि वडील घरी बसले. तेव्हा दिवसभर ते चादरीच्या कडेचे दोरे एकेक करून ओढत बसायचे. आई ओरडायची, चादर संपेल. ते कशासाठी करत होते हे मला बाकड्यावर बसल्यावर कळलं. आजही धारावीत किंवा इतरत्र कारागीर कारचोबाच्या चौकटीवर वाकून दिवसभर जरीचे टाके घालतात. त्यांना जाऊन कुणी ‘यानं मन किती शांत होतं, नाही?’ म्हणू नये. मजुरीचा टाका वेगळा, डोक्यावर कुणी नसताना घातलेला वेगळा. मी शाली विकत नाही, ते यासाठीच. एकानं ऑर्डर द्यायची तयारी दाखवली होती, पंधरा शाली, दिवाळीच्या आत. ऐकूनच छातीत धडधडलं.

पुरुषांनी करावं का, यावर फार लिहीत नाही. सुरुवातीला नाक्यावर हसले. आमच्या डेपोतला एक जुना ड्रायव्हर म्हणाला, ‘अरे, पुढच्या वेळी टीव्हीवर घालायला रुमाल घेऊन ये.’ आणला. आता त्याच्या घरचा टीव्ही भिंतीवर, त्यामुळे रुमाल फ्रिजवर आहे. लोकलमध्ये मात्र मी काढत नाही. जनरलच्या डब्यात कोपर हलवायला जागा नसते. बायकांच्या डब्यात जागा मिळाली की भाजी निवडतात, विणतात, तिथे ते चालतं.

एक गोष्ट मात्र आपल्या लेखातलीच पुन्हा सांगतो. रात्र-रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगणं नको वाटतं, अशी अवस्था असेल तर सुई-धाग्यावर विसंबू नये. सरकारची टेलि-मानस ही मोफत फोनसेवा ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, नंबर 14416, मराठीतही बोलतात. मी स्वतः त्यावर एकदा बोललो आहे. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही.

शेवटी, कुणाला सुरुवात करायची असेल तर दुकानात गेल्यावर बारीक दोरा आणि एक एमएमची सुई घेऊ नका, रुमाल कितीही सुंदर दिसत असला तरी. डोळे दुखतील आणि सोडून द्याल. मध्यम जाडीची लोकर किंवा जाड सुती धागा, चार एमएमची अ‍ॅल्युमिनियमची सुई. लोखंडी नको, ती आपल्या हवेत जूनपासून गंजायला लागते आणि धाग्याला डाग पडतात. हाताला घाम येत असेल तर सुतीच घ्या, लोकर चिकटते. रंग फिका घ्या, काळ्यात खांब दिसत नाहीत. आणि रुग्णालयात बसायचं असेल तर दोन सुयांचं विणकाम नको, क्रोशाच बरा. दोन सुयांवर एका वेळी तीस-चाळीस टाके उभे असतात, नाव पुकारलं आणि गडबडीत सुई निसटली की सगळे ओघळतात. क्रोशाला एकच फास. तो बोटभर लांब ओढून ठेवायचा आणि उठायचं.

रुग्णालयांच्या व्यवस्थापकांपैकी कुणी हे पत्र वाचलं आणि यादीत ते वाक्य घातलं, तर कृपया दारवानालाही सांगावं. आमच्याकडे सूचनेचा कागद वर ऑफिसात राहतो आणि टोपली खाली दारावर असते.

आपला,
एक निवृत्त बसवाहक,
काळाचौकी, मुंबई